सात गुंठ्यांच्या वाडीत पाच इंची गेजची बसायची रेल्वे : वळणांची त्रिज्या किती ठेवावी?

गोराईकर

नमस्कार. गोराईला आमच्या जुन्या घराभोवती सुमारे सात गुंठ्यांची वाडी आहे आणि तिच्यात माणसाला बसून फिरता येईल अशी पाच इंची, म्हणजे १२७ मि.मी. गेजची (गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर) रेल्वे टाकण्याचे पक्के केले आहे. इंजिन बॅटरीवर चालणारे असेल, डबे लांबट आणि बुटके असतील, आणि बसणारा दोन्ही बाजूंना पाय सोडून बसेल.

जागेची मापे आधीच देतो, नाहीतर सगळी चर्चा हवेत राहील. कुंपणाच्या आतली जागा पूर्व-पश्चिम ३० मीटर आणि उत्तर-दक्षिण २३.५ मीटर आहे. घर पडवीसह १५ मीटर बाय १० मीटर असून ते नैऋत्येच्या कोपऱ्याकडे सरकलेले आहे. त्यामुळे पश्चिमेला आणि दक्षिणेला कुंपणापर्यंत साडेचार-साडेचार मीटरांचीच पट्टी उरते. पूर्वेला मात्र साडेदहा मीटर आणि उत्तरेला, म्हणजे फाटकाच्या बाजूला, नऊ मीटर मोकळे आहेत. पूर्वेच्या परसात विहीर आहे, ईशान्येच्या कोपऱ्यात जुना आंबा आहे आणि मागच्या बाजूला माड आहेत. जमीन पुढून मागे साधारण ३०० मि.मी. उतरते.

माझा आराखडा असा आहे की पूर्वेच्या साडेदहा मीटर रुंदीत लांबट गोल बसवावा. दोन्ही अंगांना पाऊण-पाऊण मीटर मोकळे सोडले की टोकांच्या अर्धवर्तुळांची त्रिज्या ४.५ मीटर येते आणि विहीर गोलाच्या आत राहते. इंजिन बनवून देणाऱ्या कारागिराच्या मते चार मीटरांच्या वळणावरूनही इंजिन सहज जाईल. आईची अट एवढीच आहे की मे महिन्यात वाळवण घालायला अंगण मोकळे मिळाले पाहिजे. तर ४.५ मीटर त्रिज्या पुरेल का, यावर जाणकारांनी कृपया मत द्यावे.

परळचा फिटर

इंजिन जाईल, माणूस जाईल की नाही, ते पाहावे लागेल. आपल्या कारागिराने उत्तर दिले ते चाकांचे. छोट्या रेल्वेत रूळ, चाके, डबे सगळे लहान करता येते, पण वर बसणारा माणूस लहान करता येत नाही. सत्तर किलोंचे शरीर १२७ मि.मी. रुंदीच्या पायावर उंच बसलेले असते आणि वळणाची त्रिज्या खरे तर त्याच्या हिशोबाने ठरते.

आकडे मांडून पाहू. ताशी ६ किलोमीटर, म्हणजे भरभर चालण्याचा वेग, सेकंदाला १.६७ मीटर होतो. वेगाचा वर्ग भागिले ४.५ मीटर केले की बाहेर ढकलणारे त्वरण ०.६२ येते, म्हणजे गुरुत्वाच्या साधारण सव्वासहा टक्के. आता डबा आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य रुळापासून अर्धा मीटर उंच धरा. माणूस नीट मधोमध बसला असेल तर बाहेरचा रूळ त्या मध्यापासून आडवा सुमारे ६५ मि.मी. असतो, आणि ६५ भागिले ५०० म्हणजे तेरा टक्के. तेराच्या पुढे गेले की आतली चाके उचलणार. तेरा विरुद्ध सव्वासहा, हे कागदावर सुरक्षित दिसते.

पण कोणीही पुतळ्यासारखा बसत नाही. मागच्याशी बोलायला मान वळवली, खिशातला मोबाइल काढला, आणि एकूण गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला ३० मि.मी. सरकला, तर तेराचे सातच टक्के उरतात. सात विरुद्ध सव्वासहा, ही स्थिती मी माझ्या भाच्याला बसवून कधीच पत्करणार नाही. कोणी उत्साहाने ताशी १० किलोमीटरवर नेले तर साडेसतरा टक्के होतात, म्हणजे ताठ बसलेला माणूससुद्धा आडवा होणार. हाच हिशोब १० मीटर त्रिज्येवर ताशी ६ किलोमीटरला केला तर फक्त २.८ टक्के येतात. १० मीटरांच्या खाली उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

माथेरानप्रेमी

वरील हिशोब मान्य करूनही एक शंका मांडतो. भारतीय रेल्वेच्या नियमांत ब्रॉडगेजला सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे, आणि नॅरोगेजला ४० अंशांचे, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येचे धरले आहे. नेरळ-माथेरानच्या घाटातील वळणे त्याहूनही कितीतरी तीव्र आहेत, तरी १९०७ पासून ती गाडी दोन फुटी गेजवर आणि एकास वीस चढावर धावते आहे. तिची जुनी जर्मन वाफेची इंजिने ऑरेन्स्टाइन अँड कॉपेलची होती आणि टोकाचे आस (चाकांचे दांडे) वळणावर आपोआप बाजूला सरकावेत म्हणून त्यांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस बसवलेले होते. म्हणजे गाडी वळणाजोगी बनवली तर वळण तीव्र ठेवता येते. मग हौशी माणसाने त्रिज्येला इतके का भ्यावे?

परळचा फिटर

त्या इंजिनांनी चाकांचा प्रश्न सोडवला होता, आणि आपल्याकडे तो तसाही सोपा आहे. चारचाकी बोगीवर, म्हणजे खाली स्वतंत्रपणे वळणाऱ्या चाकांच्या चौकटीवर, फिरणारे विजेचे इंजिन घेतले तर काळजी नाही. सहा चाके एका ताठ चौकटीत असलेले इंजिन घेतले तरच विचार करावा लागेल, कारण टोकांच्या आसांतले अंतर ४५० मि.मी. असेल तर ४.५ मीटरांच्या वळणावर मधली चाके साडेपाच मि.मी.हून जास्त बाजूला मागतात आणि १० मीटरांवर अडीच. पाच इंची गेजला तीव्र वळणावर गेज फार तर तीन मि.मी. रुंद करतात, तेव्हा अडीच भागते, साडेपाच भागत नाही.

माणसाचे मात्र तसे नाही. माथेरानच्या डब्यात प्रवासी ६१० मि.मी. गेजवर भिंतींच्या आत बाकावर बसतो. आपला प्रवासी त्याच्या जवळपास पाचव्या हिश्श्याच्या गेजवर, उघड्यावर बसणार आहे. ताशी २० किलोमीटरांची मर्यादा घाटातल्या त्या गाडीलाही आहेच.

वसईची वाडी

मग गेजच का बदलू नये? साडेसात इंचांच्या जवळचे, म्हणजे इंग्लंडमध्ये सव्वासात इंची (१८४ मि.मी.) आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात साडेसात इंची चालते, ते घेतले की पाया जवळजवळ दीडपट रुंद होतो. वरचाच हिशोब लावला तर तेराचे अठरा टक्के होतात. मुले आणि वयस्क दोन्ही बसणार असतील तर मी सव्वासातच घेईन.

परळचा फिटर

तोलाच्या दृष्टीने आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. पण त्या गेजचे डबे लांब आणि जड असतात आणि ते निवांत चालायला पंधरा मीटरांच्या आसपास त्रिज्या मागतात. छोट्या चारचाकी डब्यांवर समाधान मानले तर दहा मीटरांतही भागते. शिवाय गोराईची वाट विसरू नका. जड सामान भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने टेंपोत घालून आणायचे आहे आणि पावसाळ्यात प्रत्येक वेळी उचलून पडवीत ठेवायचे आहे. पाच इंची डबा दोघे जण सहज उचलतात. सव्वासातच्या इंजिनाला चेनपुली लागते.

रूळवाट

मी रेल्वेच्या पी-वे, म्हणजे रूळमार्ग सांभाळणाऱ्या, खात्यातून निवृत्त झालो आहे. आयुष्य ब्रॉडगेजच्या वळणांवर गेले. चर्चा वाचली. त्रिज्या वाढवा हे सर्वांचे म्हणणे योग्य आहे, पण जागा कोठून आणायची हे कोणी सांगितलेले नाही. माझ्या मते ती जागा आपल्याकडे आहे. फक्त आपण ती परसात शोधत आहात. साडेदहा मीटर रुंदीत पूर्ण अर्धवर्तुळ फिरवायचे म्हटले की त्रिज्या रुंदीच्या निम्म्याहून कमीच येणार. परस सोडा आणि रूळ घराभोवती न्या. तेथे गाडीला एकदम अर्धे वर्तुळ फिरावे लागत नाही. ती चार कोपऱ्यांवर नव्वद-नव्वद अंश वळते, आणि काटकोनात वळताना रूळ कोपरा तिरका कापून जात असल्यामुळे अरुंद पट्टीतही मोठी त्रिज्या बसते.

किती मोठी, याचे सूत्र सोपे आहे. दोन सारख्या रुंदीच्या पट्ट्या काटकोनात मिळत असतील, आणि रुळाची मध्यरेषा बाहेरच्या कडांना स्पर्श करत आतल्या कोपऱ्याला घासून जात असेल, तर त्रिज्या पट्टीच्या वापरण्याजोग्या रुंदीच्या ३.४१ पट येते. आपली सर्वांत अडचणीची जागा नैऋत्येचा कोपरा आहे. तेथे साडेचार मीटरांतून कुंपणाकडे पाऊण आणि घराकडे पाऊण मीटर सोडले की तीन मीटर उरतात. तीन गुणिले ३.४१ म्हणजे १०.२ मीटर. दहा मीटरांचे वळण घेतले तर घराच्या कोपऱ्याजवळ सोडलेल्या पाऊण मीटराखेरीज आणखी १०० मि.मी. हाताशी राहतात. बाकीचे तिन्ही कोपरे याहून ऐसपैस आहेत.

रुळाची मध्यरेषा मग २८.५ बाय २२ मीटरांच्या चौकोनात बसते. उत्तरेला आणि दक्षिणेला साडेआठ-साडेआठ मीटर सरळ, पूर्वेला आणि पश्चिमेला दोन-दोन मीटर सरळ, आणि चार कोपरे मिळून ६२.८ मीटर वळण. एकूण सुमारे ८४ मीटर, म्हणजे चार आणे सरळ आणि बारा आणे वळण. आपला आंबा कोपऱ्यात कुंपणालगत असेल तर तो आपोआप बाहेर राहतो, कारण वळणाचा मध्य दोन सरळ रेषांच्या छेदबिंदूपासून तिरका ४.१४ मीटर आत येतो. विहीर आणि वाळवणाचे अंगण आत राहते.

गोराईकर

रूळवाट साहेब, मनःपूर्वक आभार. हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आज टेपने मापून पाहिले. मापे जुळतात आणि आंबा खरोखरच बाहेर राहतो. मात्र एक अडचण लगेच समोर आली. वर्तुळ आखायचे तर मध्यभागी खुंटी ठोकून दोरी फिरवावी, असे मी धरून चाललो होतो. नैऋत्येच्या वळणाचा मध्य दोन्ही कुंपणांपासून १०.७५ मीटरांवर, म्हणजे थेट आमच्या माजघरात येतो. वायव्येचा आणि आग्नेयेचाही घरातच येतो. तेथे दोरी कशी फिरवावी?

रूळवाट

मोठ्या रेल्वेत वळणाचा मध्य कधी डोंगरात असतो, कधी दुसऱ्याच्या शेतात. तेथे कोणी खुंटी ठोकायला जात नाही. वळण नेहमी रुळावर उभे राहूनच मापायचे असते.

पहिली आखणी स्पर्शरेषेवरून करावी. कुंपणाला समांतर पाऊण मीटरवर लाइनदोरी ताणा आणि सरळ भाग संपतो तेथे शून्य धरा. शून्यापासून दोरीवर एक-एक मीटर पुढे जात, गुण्या लावून आतल्या बाजूला लंब टाकत जा. दहा मीटर त्रिज्येला १ मीटरवर ५० मि.मी., २ वर २०२, ३ वर ४६१, ४ वर ८३५, ५ वर १,३४०, ६ वर बरोबर २,००० आणि ७ वर २,८५९ मि.मी. असे लंब येतात. सात मीटरांनंतर दुसऱ्या कुंपणाच्या दोरीवरून हेच आकडे उलट दिशेने टाकावेत, म्हणजे दोन्ही अंगांनी आलेल्या खुंट्या मध्यावर भेटतात. भेटल्या नाहीत तर आधी काटकोन तपासा. जुन्या वाडीचे कुंपण काटकोनात असेलच असे धरू नका. दोरीवर ६ आणि ८ मीटर मोजून कर्ण १० मीटर येतो का, ते पाहणे पुरेसे आहे. कोन काटकोन नसेल तर कुंपण सोडून द्यावे आणि दोरीचाच चौकोन खरा मानावा.

दुसरी तपासणी रूळ बसल्यानंतरची, आणि तीच खरी. दोन मीटर लांबीची ताणलेली दोरी बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोन टोकांवर टेकवा आणि मधोमध दोरी व रूळ यांतले अंतर मोजा. यालाच आम्ही व्हर्साइन म्हणतो. जीवेचा, म्हणजे ताणलेल्या दोरीच्या लांबीचा, वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे चार भागिले ऐंशी, म्हणजे ५० मि.मी. एक-एक मीटर पुढे सरकत मापे वहीत उतरवा. ५०, ५१, ४९ असे आले तर वळण उत्तम आहे. ५०, ६२, ३८ असे आले तर सरासरी बरोबर असूनही वळण वाईट आहे, कारण गाडीला सरासरी कळत नाही. तिला बासष्टचा धक्का बसतो आणि पाठोपाठ अडतीसची ढिलाई मिळते.

दुरुस्तीचा नियमही सांगतो, म्हणजे रूळ उगाच इकडेतिकडे ढकलले जाणार नाहीत. एका खुणेवर रूळ बाहेर १० मि.मी. सरकवला की त्या खुणेचे व्हर्साइन १० ने वाढते आणि शेजारच्या दोन्ही खुणांचे पाच-पाचने घटते. बेरीज तीच राहते. वरच्या उदाहरणात बासष्टची खूण आत ढकलली की दोन्ही शेजारी वाढतात. मग पुन्हा पुढून मापत यायचे. वहीत आधी आकडे जुळवावेत आणि मगच पहार हातात घ्यावी.

सुताराची लेक

सरळ रूळ संपून एकदम दहा मीटरांचे वळण सुरू होणार का? मोठ्या रेल्वेत मध्ये संक्रमण वळण, म्हणजे हळूहळू तीव्र होत जाणारा तुकडा, असते असे वाचले आहे. एवढ्या छोट्या मापात त्याची गरज आहे का, की तो निव्वळ सोपस्कार होईल?

रूळवाट

ताई, गरज आहे, आणि खर्च जवळजवळ शून्य आहे. संक्रमण नसेल तर बसलेल्या माणसाच्या कमरेला एकाच क्षणी झटका बसतो आणि वर फिटर साहेबांनी सांगितलेला ३० मि.मी.चा झुकाव नेमका तेथेच होतो. संक्रमणाची लांबी दोन मीटर घेतली तर मुख्य वर्तुळ आत सरकवावे लागते ते लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची चोवीसपट, म्हणजे अवघे १७ मि.मी. तेवढी जागा नैऋत्येच्या कोपऱ्यात आहे. संक्रमणाची निम्मी लांबी सरळ भागातून जाते, म्हणून पूर्व-पश्चिमेचे दोन मीटर सरळ तुकडे पूर्ण वापरले जातील. चारही वळणे एकाच हाताची असल्याने त्याने काही बिघडत नाही.

आखायला गणितही लागत नाही. ॲल्युमिनियमची लांब, सारख्या जाडीची पट्टी सरळ भागावर दोन खुंट्यांत धरा, पुढचे टोक वर्तुळावरच्या खुंटीला टेकवा आणि मधली पट्टी मोकळी सोडा. ती स्वतःच्या ताणाने जी रेषा घेते ती आपल्या कामाला पुरेशी चांगली असते. नंतर व्हर्साइन अर्ध्या-अर्ध्या मीटरवर घेऊन ते शून्यापासून पन्नासपर्यंत साधारण समान पावलांनी चढते का, एवढे पाहावे.

सुताराची लेक

धन्यवाद. एस आकाराचे वळण या आराखड्यात नाही, हे चांगलेच आहे. आमच्या नात्यातील एका घरी लहान गेजवर दोन उलट वळणे एकमेकांना चिकटवून टाकली होती आणि डब्यांची टोके तेथे एकमेकांत अडकत. कागदावर काढले तेव्हा कारण कळले. डबा १.८ मीटर लांब असून बोगींच्या मध्यांतले अंतर १.२ मीटर असेल, तर दहा मीटरांच्या वळणावर त्याचा मध्य १८ मि.मी. आत येतो आणि टोक सुमारे २२ मि.मी. बाहेर जाते. उलट वळणावर एकाचे टोक डावीकडे आणि पुढच्याचे उजवीकडे जाते, म्हणजे फरक दुप्पट होतो. एखादे सायडिंग, म्हणजे बाजूचा फाटा, काढताना उलट वळण आलेच, तर मध्ये निदान एका डब्याइतका सरळ तुकडा ठेवावा.

माथेरानप्रेमी

बाहेरचा रूळ किती उचलावा, याबद्दल कोणी काही बोलले नाही. उचलला तर तोल सुधारेल ना? १० मि.मी. ठेवावा का?

परळचा फिटर

दहा फार होतात. रुळांच्या मध्यांतले अंतर १३७ मि.मी., वेग ताशी ६ किलोमीटर आणि त्रिज्या १० मीटर धरली तर सूत्राने जेमतेम ४ मि.मी. येतात. गाडी थांबलेली असताना दहाचा उतार उलट अंगावर येतो, कारण माणूस आतल्या बाजूने चढतो आणि त्याचे सगळे वजन आतल्याच रुळावर पडते. माझा सल्ला असा की उचल शून्य ठेवावी आणि पाणसळ घेऊन दोन्ही रूळ सारख्या पातळीत आहेत की नाहीत यावरच सगळी मेहनत घ्यावी. एक रूळ मध्येच ५ मि.मी. खचला तर बोगीचे एक चाक अधांतरी राहते आणि गाडी वळणावर घसरते ती बहुतेक अशा पिळामुळे.

रूळवाट

थोडा मतभेद नोंदवतो. चार मि.मी. द्यावेत, पण ते संक्रमणातच हळूहळू चढवावेत आणि थांबा दक्षिण-उत्तरेच्या सरळ भागावरच ठेवावा. उचल नसेल तर पावसात खडी दबून बाहेरचा रूळ खाली जातो आणि उलटी उचल तयार होते. ती सर्वांत वाईट.

दारूखानावाला

रुळांविषयी थोडे. लोखंडी पट्टी २५ बाय १० मि.मी. घेणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दहा मि.मी. जाडीची पट्टी दहा मीटर त्रिज्येत हातानेच वाकते आणि स्लीपरला (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांना) आवळता येते, पण तिला कायमचा बाक येत नाही. सोडली की सरळ. मध्ये ते चालते, जोडांवर चालत नाही. प्रत्येक पट्टीचे टोक बाहेर पळायला बघते आणि फिशप्लेटपाशी (जोडपट्टीपाशी) वळणाचा कोन होतो. दोरी लावली की तेथे व्हर्साइन लगेच उडी मारते. म्हणून पट्ट्या तीन रोलरच्या मशीनवर मारून घ्याव्यात, निदान टोकाचा अर्धा-अर्धा मीटर तरी. रोलरवाल्याला त्रिज्या सांगून फारसा उपयोग नसतो. पत्र्याचा दोन मीटर लांब आणि मध्ये ५० मि.मी. खोल कापलेला साचा हातात द्यावा, म्हणजे तो प्रत्येक पट्टी लावून बघतो.

बाजारात पट्टी सहा मीटरांची मिळते. गोराईपर्यंत छोटा हत्ती न्यायचा असेल तर तीन-तीन मीटरांचे तुकडे करून घ्या. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जास्त लागतो. नव्वद अंशांना हा फरक २१५ मि.मी. आहे, त्रिज्या काहीही असो. हा फरक वापरूनच दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर येऊ देऊ नयेत. वळणावर ते एकमेकांपासून निदान तीन-चार स्लीपर पुढेमागे असावेत.

जोडांत फट ठेवा. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेचा आणि मे महिन्याच्या दुपारच्या उन्हातला रूळ यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. तीन मीटरांची लोखंडी पट्टी तेवढ्यात दीड मि.मी.च्या आसपास वाढते आणि ॲल्युमिनियमची पावणेतीन. फट नसेल तर वळण बाहेरच्या बाजूला फुगते आणि आखलेली त्रिज्या कागदावरच राहते. समुद्र जवळ आहे, म्हणून मी ॲल्युमिनियमच्या बाजूचा आहे, मात्र त्याला साधे लोखंडी स्क्रू मारू नका. खाऱ्या हवेत लोखंडाला टेकलेले ॲल्युमिनियम लवकर खाल्ले जाते.

वसईची वाडी

उताराचे काय करणार? घराभोवती फेरी मारायची म्हणजे ३०० मि.मी. उतरून पुन्हा चढायचे आहे, आणि बारा आणे रूळ वळणातच असल्याने चढ आणि वळण वेगळे ठेवणे शक्य नाही. वळणावर चाकांची बाजू घासून ओढ वाढते, त्यात चढ आला तर बॅटरी लवकर बसेल.

रूळवाट

निम्म्या फेरीची लांबी ४२ मीटर आहे. ३०० मि.मी.चा उतार तिच्यावर सारखा पसरला तर एकास १४० येतो. हा चढ वळणातही त्रासदायक नाही. जमिनीचा मूळ उतार एकास ७८ आहे. तो तसाच ठेवला तर मात्र पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची वळणे जड जातील. म्हणून मागच्या बाजूला थोडी भर आणि पुढे थोडी खोदाई लागेल. पातळी पाण्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने घ्यावी. नुसत्या डोळ्यावर विसंबू नये.

भरावाचा मुरूम पावसाळ्याआधी टाकून ठोकून ठेवा आणि रूळ पावसाळ्यानंतरच बसवा. मुंबईत वर्षाला दोन हजार मि.मी.हून जास्त पाऊस पडतो. जो भराव खचायचा तो त्यातच खचू द्यावा. भरावाच्या आतल्या बाजूला पाणी तुंबणार नाही अशी पन्हळ हवी, नाहीतर घराच्या जोत्याला ओल धरेल आणि मग आईसाहेब रूळ उपटायला लावतील.

परळचा फिटर

माडांखालून रूळ जाणार आहे, तेथे थांबा ठेवू नये. झावळी आणि नारळ त्रिज्या पाहून पडत नाहीत. आंब्याची मुळे वळणाच्या आतपर्यंत आलेली असणार, ती तोडू नका. त्यांच्यावरून खडीचा थर वाढवून जा. झाडच आड आले तर शहरी हद्दीत ते तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यापेक्षा दोरीच अर्धा मीटर आत घेतलेली परवडते.

गोराईकर

सर्वांचे आभार. परसातला गोल रद्द केला. आता घराभोवतीची फेरी, दहा मीटर त्रिज्या, दोन मीटरांची संक्रमणे आणि पाच इंची गेज असे ठरवले आहे. गेजबद्दल वसईकरांचा मुद्दा पटतो, पण उचलण्याचे काम मला आणि धाकट्या भावालाच करायचे आहे. उचलीबाबत दोन मते आली आहेत. आधी शून्यावर बसवतो, स्लीपरखाली बाहेरच्या बाजूला पाचर घालायची सोय ठेवतो आणि पहिल्या पावसानंतर ठरवतो. पुढच्या आठवड्यात खुंट्या ठोकून नैऋत्येच्या कोपऱ्याचे लंब टाकेन आणि आकडे येथे देईन.

एक शेवटचा प्रश्न. फाटकातून स्कूटर आत येते आणि रूळ तेथे आडवा जातो. फाटकाची जागा थोडी पूर्वेला आहे. मापून पाहता रस्त्याचा मध्य उत्तरेच्या सरळ भागात येतो, पण एक कड संक्रमणात घुसते.

रूळवाट

फाटकातला रस्ता दीड मीटर पश्चिमेला वळवून घ्या आणि पूर्ण सरळ भागातच ओलांडा. वळणात ओलांडणी केली तर चाकाच्या कडेसाठी ठेवलेली फट रुंद करावी लागते आणि स्कूटरचे चाक तिच्यात अडकू शकते. ओलांडणीच्या फळ्या काढता येतील अशा ठेवा, खालची खडी दर पावसाळ्यानंतर ठोकावी लागेल.

गोराईकर

रस्त्यावर फरशी घातलेली नाही, नुसता मुरूम आहे, त्यामुळे वळवता येईल. भावाला विचारून कळवतो. स्कूटर त्याची आहे.